मांडीच्या हाडाएवढी पेटी

नेमेसियो कानुल कुठे राहतात म्हणून विचाराल तर मेक्सिकोतल्या आमच्या पोमुच गावातली दोन माणसं डोकं खाजवतील. पिठावर लिहिणारा बेकरीवाला म्हणा, शेंबडं पोरसुद्धा भट्टीच्या दारात आणून सोडेल. हे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, निकाचे, यजमान.

पिठावर लिहिणं ही काही जादूटोण्याची भानगड नाही. तरुण असताना मेरिदाहून एक म्हातारे मास्तर त्यांच्या शेजारी राहायला आले होते. पाळकांच्या शाळेत ग्रीक शिकवून निवृत्त झालेले, गुडघे कामातून गेलेले, गरम पावासाठी रोज भट्टीवर यायचे. कणीक मळून फुगायला ठेवली की बेकरीवाल्याला काम नसतं. इतर पोरं तेवढ्यात सिगारेट ओढायची, आणि हे मास्तरांपुढे टेबलावर पीठ पसरून बोटाने ग्रीक अक्षरं गिरवायचे. असं किती वर्षं चाललं देव जाणे. मास्तर वारले, ग्रीक राहिलं. निका म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे दारू पितात, माझा अक्षरं पितो. निदान उलट्या तरी करत नाही."

दाजी बायबलवाल्यांच्या देवळातले. आम्ही कॅथलिक. निका लग्नानंतर त्यांच्याकडे गेली, त्यावरून आमच्या आईने वर्षभर अबोला धरला होता. पण दाजींचा राग राग करणं कुणालाच जमत नाही, मी मनापासून प्रयत्न करून पाहिलाय. कॅथलिक असो की कुणी असो, बायबलातलं एखादं वाक्य घशात हाडासारखं अडकलं की माणूस त्यांच्याकडेच जातो. एकदा एक आई रडत आली. मुलगा नवा नवा भक्त झाला होता आणि आईबापाचा द्वेष केल्याशिवाय शिष्य होता येत नाही असं लिहिलंय म्हणून तिच्याशी बोलायचा थांबला होता. दाजींनी त्याला बोलावून घेतलं. म्हणाले, "त्या लोकांची बोलायची तऱ्हाच अशी होती, बाबा. दोन बायकांपैकी एक जास्त आवडली तर दुसरीचा द्वेष करतो म्हणायचे, आणि तिला पोरं मात्र सहा व्हायची. प्रभूला पहिल्या जागी बसव एवढंच म्हणणं आहे. आईला खुर्चीवरून ढकलून दे असं नाही. जा, घरी जाऊन आईच्या हातचं जेव."

पण सगळ्यांनाच असं गोडगोड मिळायचं नाही. टेबलावर पाव कापायची सुरी आडवी ठेवायची त्यांची सवय होती. सुरीच्या एका बाजूला बोट ठेवून म्हणायचे, "हे लिहिलेलं, आणि त्या काळच्या लोकांना कळलं असेल ते." मग दुसऱ्या बाजूला बोट ठेवून, "आणि हे, तुला हवंय ते. ह्या दोन्हीचा एकच गोळा करायचा नाही." कितीतरी जण तोंड पाडून परत गेलेत. क्रिसान्तो मधवाला तर भांडूनच गेला होता. त्याची पोरगी तापाने गेली, आणि त्याला ते देवाने का केलं ह्याचं उत्तर हवं होतं. दाजी म्हणाले, "मला माहीत नाही. ह्या पुस्तकातही मला सापडलेलं नाही." क्रिसान्तोने मधाची बाटली टेबलावर आपटली आणि रुळांपलीकडे आपल्या वस्तीवर निघून गेला. जाताना ओरडला, "कधी बोलावलंच तुला तर त्याच दिवशी ये. दुसऱ्या दिवशी माझं मन फिरलेलं असेल!" त्यानंतर त्याने कधी बोलावलं नाही. दाजी मात्र त्या वस्तीवरून कुणी आलं की दर वेळी विचारायचे, क्रिसान्तोचा काही निरोप?

आता मूळ गोष्टीकडे येते, नाहीतर मी बोलत सुटले की खड्ड्यात भाजायला पुरलेला मक्याचा पिब जळून जातो.

आमची निका गेली. शेवटचे दोन दिवस शुद्धीवर होती. बायबलवाल्यांच्या देवळात इतकी वर्षं काढलेली बाई, पण माझा हात धरून दाजींना म्हणाली, "मला अंधारात ठेवू नका हं. आईसारखं मलाही वेळ झाली की बाहेर काढा. दरवर्षी झाडा, पुसा, ऊन दाखवा, नवा कपडा घाला. मला कोंदट आवडत नाही." दाजी म्हणाले, "काढेन." एवढंच. दाजी काढेन म्हणाले म्हणजे काढणार.

आमच्याकडे तीन वर्षांनी काढतात. तोवर माती तिचं काम करते. मग हाडं उन्हात वाळवायची, लाकडी पेटीत नक्षीदार कपडा पसरायचा, त्यावर हाडं नीट रचायची, वर डोकं, आणि पेटी कोनाड्यात ठेवायची. मग दरवर्षी मेलेल्यांच्या दिवसांआधी जाऊन स्वच्छ करायची. आमचे बायबलवाले शेजारीही गुपचूप करायचे, आणि त्यांचे जुने पाळक तेवढ्यापुरते गुपचूप दुसरीकडे बघायचे.

नवे पाळक आले ते दुसरीकडे बघणारे नव्हते. अब्दिएल त्यांचं नाव, ताबास्कोकडचे, पोरसवदा, शर्ट कायम इस्त्रीचा, चेहराही इस्त्रीचा. निकाची तीन वर्षं भरली त्याच ऑक्टोबरात त्यांनी देवळात जाहीर केलं की हाडांना हात लावेल त्याला प्रभुभोजन नाही आणि शिकवायचं कामही नाही. कशावरून? तर एक माणूस येशूला म्हणाला, आधी मला जाऊन बापाला पुरू दे, आणि येशू म्हणाला, मेलेल्यांना त्यांचे मेलेले पुरू दे, तू चल. झालं. एका वाक्यात माझी बहीण कायमची अंधारात.

मंडळींनी मग तोडगा काढला. रविवारचा बायबलचा वर्ग कितीतरी वर्षं दाजीच घ्यायचे. येत्या रविवारी त्यांनीच तो उतारा मुळातून उलगडून सांगावा असं ठरलं. पाळकही हो म्हणाले. मला तर नाचावंसं वाटलं. ग्रीक येणारा माणूस एकच, आणि तो आपला! मी भट्टीवर जाऊन म्हटलं, "दाजी, काय हवं ते काढा त्या वाक्यातून. कुणाला कळणार आहे?"

दाजी हसले नाहीत. म्हणाले, "सेबे, म्हणून तर भीती वाटते."

त्या आठवड्यात टेबलावरचं पीठ पुसायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. कणीक फुगून पातेल्याबाहेर आली तरी हे आपले पिठावर वाकलेले. एकदा मी बघितलं तर सुरी आडवी ठेवलेली, आणि तिच्याकडे बघत नुसते बसलेले. मी विचारलं, "सापडलं?" म्हणाले, "सापडलं." चेहऱ्यावरून मला वाटलं, दात दुखत असेल.

रविवारी मी जन्मात पहिल्यांदा त्यांच्या देवळात गेले. मागच्या बाकावर बसले, क्रूसाची खूण करायला हात वर गेला तो केसांवरून फिरवून खाली आणला. पाळक पहिल्या बाकावर ताठ. दाजींनी उतारा वाचला, आधी ग्रीकमध्ये, मग आमच्या माया भाषेत, मग पाळकांसाठी स्पॅनिशमध्ये.

मग म्हणाले, "त्या देशात माणूस कसा पुरायचे ते आधी सांगतो. खडकात गुहा खोदायचे. मेलेल्याला आत दगडी फळीवर झोपवायचे. एखादं वर्ष जाऊ द्यायचे. मग मुलगा पुन्हा आत जायचा, हाडं गोळा करायचा, दगडाच्या पेटीत रचायचा आणि पेटी कोनाड्यात ठेवायचा. पेटीची लांबी किती, तर मांडीच्या हाडाएवढी."

देवळात असा आवाज झाला की विचारू नका. सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पेटी किती लांब करायची म्हणून सुतार आम्हालाही हेच विचारतो, मांडीचं हाड केवढं? तोमासा आजी, देवळातली सगळ्यात म्हातारी बाई, मोठ्यांदा म्हणाली, "अगं बाई, मग ते आपलेच की!" मी तर बाकावर थाप मारली. पाळकांची मान लाल झालेली मागून दिसत होती.

"थांबा," दाजी म्हणाले. "एवढ्यात खूश होऊ नका. आता मला नको असलेलं सांगतो." त्यांनी खिशातून सुरी काढली नाही, पण हात तसाच आडवा पुस्तकापुढे ठेवला. "बाप त्याच दिवशी गेला असता तर हा पोरगा रस्त्यावर काय करत होता? घरी रडत बसला असता. म्हणून काही जाणते म्हणतात, बाप आधीच गुहेत होता आणि हा हाडांची वाट बघत होता. आधी ती पेटी भरू दे, मग येतो, असं म्हणत होता. काही म्हणतात, बाप जिवंतच होता आणि हा नुसती सबब सांगत होता. खात्रीने कुणालाच सांगता येत नाही. पण पहिलं खरं असेल, तर प्रभूला हाडांची पेटी चांगली माहीत होती. पाळकसाहेब म्हणतात त्याहून जास्त माहीत होती. आणि तरी तो नाही म्हणाला."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! हातातोंडाशी आलेला घास ह्या माणसाने स्वतः उचलून ताटाबाहेर ठेवला.

तेवढ्यात तोमासा आजी काठी टेकत उठली. "नेमेसियो, एक सांग. तो सुतार, प्रभूचा बाप योसेफ. प्रभू मोठा होईस्तोवर तो गेलेला होता ना?"

"गेला असावा, आजी. पुढे त्याचं नाव येत नाही."

"मग त्याची हाडं कुणी गोळा केली?"

"ते लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं कोण विचारतंय? मी रीत विचारते. कुणी करायचं असतं?"

"थोरल्या मुलाने."

"थोरला कोण होता?"

दाजींनी चष्मा काढला. "तोच होता," ते म्हणाले. "पण आजी, हे मी इथून शिकवू शकत नाही. हे लिहिलेलं नाही."

"नको शिकवूस. मला कळलं," आजी म्हणाली आणि खाली बसली. पाळकांनी उठून प्रार्थना घेतली. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

घरी जाताना मी दाजींना सोडलं नाही. "तोंडाशी आलं होतं तुमच्या! त्या म्हातारीला जे कळलं ते तुम्हाला सांगता येईना? निकाला काय तोंड दाखवणार आहात?"

"निकाला मी काढणार आहे," दाजी म्हणाले.

मी रस्त्यातच थांबले. "आणि प्रभू त्या माणसाला नाही म्हणाला, ते?"

"त्या माणसाला कुणीतरी बोलावत होतं, सेबे. हाक आली होती, आणि तो हाडांच्या आड लपत होता. मला जेवढं समजलं ते एवढं. मला तर आज कुणी हाक मारलेली नाही. म्हणून मी निकाला दिलेला शब्द पाळणार. पाळकांना सांगितलंय मी, वर्ग काढून घ्यायचा तर घ्या. विचार करतो म्हणाले." थोडं चालून म्हणाले, "पण हाक आली तर मात्र मला जावं लागेल."

"तुम्हाला कोण हाक मारणार? राष्ट्रपती?" मी म्हटलं. राग होता, पण काळजीही होती. वर्ग गेला तर ह्या माणसाकडे नुसती भट्टी उरणार होती.

कबरस्तानात गेलो त्या दिवशी ऊन कसं लख्ख होतं. निकाला तिथल्या माणसाने आधीच बाहेर काढून वाळवून ठेवलं होतं. मी कपडा भरला होता, निकाचं नाव आणि भोवती बोगनवेल. दाजींनी पीठ झाडायचा मऊ ब्रश आणला होता, कोरा नाही, भट्टीवरचाच. म्हणाले, तिला ओळखीचा आहे. आजूबाजूला सगळं गाव आपापल्या माणसांना पुसत होतं, गप्पा मारत होतं, कुणाच्या सासूचे दात किती शिल्लक यावर पैज चालली होती. दाजींनी पायाच्या बोटांपासून सुरुवात केली. एकेक हाड हातात घेऊन इतकं हळू झाडत होते की मला दुसरीकडे बघावं लागलं. तीन वर्षांनी नवराबायको भेटत होते.

मांडीचं हाड हातात घेतलं आणि फाटकातून पाळक आत आले.

"आले बघा खटला घेऊन," मी म्हटलं, त्यांना ऐकू जाईल असं.

पण पाळक घामाघूम होते आणि शर्टाची इस्त्री मोडली होती. आमच्यापासून चार हात लांब थांबले. "नेमेसियो भाऊ, माफ करा. क्रिसान्तो म्हणून कुणी आहेत रुळांपलीकडे. त्यांच्या सुनेने मला नेलं. फार वाईट अवस्था आहे. माझं स्पॅनिश ऐकलं की भिंतीकडे तोंड करतात. सारखं मायात काहीतरी बोलतात, आणि त्यात तुमचं नाव असतं."

दाजी हातातल्या हाडाकडे बघत राहिले. मग ते अलगद कपड्यावर ठेवलं.

"दाजी," मी म्हटलं, "खबरदार! निका तीन वर्षं वाट बघतेय."

"निका थांबेल. तिला मी माहीत आहे," ते म्हणाले. "क्रिसान्तो नाही थांबणार."

"अहो, सगळी बाहेर मांडून ठेवलीय तिला! अर्धी तशीच टाकून जाणार?"

दाजी एक पाऊल गेले आणि परत वळले. मी त्यांना निकाच्या मातीलाही असं बघितलं नव्हतं. त्यांनी ब्रश उचलला आणि पाळकांच्या हातात दिला. "पाळकसाहेब, ऊन आहे तोवर करा. तिला कोंदट आवडत नाही. ही सेबे सांगेल तसं करा, आणि तिच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका." एवढं बोलून तीनचाकी सायकलवर बसून गेलेसुद्धा.

पाळक ब्रश हातात घेऊन उभे. मी मुद्दाम मदत केली नाही. मनात म्हटलं, आता टाकतो ब्रश आणि पळतो. सगळं गाव पुसायचं थांबून बघत होतं. पाळकांनी बाह्या वर केल्या आणि गुडघ्यांवर बसले.

"कुठून?"

"मांडीपासून. आणि हळू. भांडी घासायची नाहीत."

आधी ब्रश उलटाच धरला बिचाऱ्याने. पण हळूहळू जमायला लागलं. डाव्या मनगटापाशी थांबले. "हे असं वाकडं का?"

"दुसऱ्यांच्या झाडावरचे आंबे चोरताना पडली होती. हाड तसंच जुळलं. आईला सांगितलं, चर्चच्या पायरीवरून पडले."

पाळक हसले. हसता हसता ब्रश थांबला. मला वाटलं, धूळ गेली डोळ्यात. तसं नव्हतं. "माझी आई गेली तेव्हा मी पाळकांच्या शाळेत होतो," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी माझं पहिलं प्रवचन होतं. गुरुजींनी मला हाच उतारा वाचून दाखवला. मी गेलो नाही. अजून गेलेलो नाही."

मला इतका राग होता ह्या माणसाचा, आणि तो कुठे गेला कुणास ठाऊक. मी थर्मासमधली मक्याची पेज ओतून त्यांच्यापुढे ठेवली. "प्या आधी," मी म्हटलं. "आणि दुसरा हात राहिलाय अजून."

दाजी परतले तेव्हा उन्हं उतरली होती. निका पेटीत रचून झाली होती, पाय, हात, फासळ्या, सगळं नीट. डोकं मात्र आम्ही कपड्यात गुंडाळून बाजूला ठेवलं होतं.

"एवढं तुमच्यासाठी ठेवलंय, भाऊ," पाळक म्हणाले आणि ब्रश परत दिला.

"क्रिसान्तो?" मी विचारलं.

"गेला. मी पोचल्यावर तासाभराने. पोरीचं नाव घेत होता. मी नुसता हात धरून बसलो, आणि त्याने वाच म्हटलं तेव्हा वाचलं." मग त्यांनी निकाला हातात घेतलं. कपाळावरून ब्रश फिरवला, डोळ्यांच्या खाचा करंगळीने पुसल्या. "उशीर झाला गं," म्हणाले. "क्रिसान्तोने बोलावलं होतं." आणि मग मात्र रडले, मोठ्यांदा, सगळ्यांसमोर.

पेटी कोनाड्यात ठेवली. पाळकांनी झाकण उचललं तसं मी त्यांच्या हातावर चापट मारली. आम्ही झाकण लावत नाही, तिला बाहेरचं दिसलं पाहिजे.

पुढच्या रविवारी वर्ग दाजींनीच घेतला. हाडांच्या बंदीबद्दल पाळक काही बोललेच नाहीत, कारण ते गावात नव्हतेच. शुक्रवारीच ताबास्कोला आईकडे गेले. जाताना भट्टीवर आले आणि दाजींचा ब्रश मागितला. मी म्हटलं, "पाळकबुवा, तुमच्याकडे हाडं काढत नाहीत ना?"

"नाही," ते म्हणाले. "पण वरचा दगड तर झाडता येईल."

दाजींनी अजून नवा ब्रश आणलेला नाही. टेबलावरचं पीठ हातानेच झाडतात.